तुम्ही विचारलंत म्हणून : ६६६ म्हणजे बारकोड का?

नाही. बारकोड नाही, आधार नाही, लसही नाही. पण हा प्रश्न दर काही वर्षांनी नवं यंत्र काखेत मारून परत येतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर.

बायबलमधलं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण. त्यातलं १३:१८ हे वचन श्वापदाच्या संख्येचा, म्हणजे ६६६ चा, हिशेब करायला सांगतं, आणि ती माणसाची संख्या आहे असंही बजावतं. हिशेब म्हणजे सरळ बेरीज. हिब्रू आणि ग्रीकमध्ये अक्षरंच आकड्यांचं काम करत, आपल्या कटपयादीची आठवण व्हावी तशी. 'नेरोन केसर', म्हणजे रोमन सम्राट नीरो, हिब्रूत लिहा : नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, मग कोफ १००, सामेख ६०, रेश २००. पहिल्या शब्दाचे ३०६, दुसऱ्याचे ३६०. झाले ६६६.

यात एक खोट आहे. 'केसर'मध्ये एरवी योद येतो, त्याचे १०; मग ६७६ होतात. तरी माझं बोट नीरोवरच, ते दुसऱ्या एका आकड्यामुळे. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या पपायरसवर, प्रकटीकरणाच्या जुन्या प्रतीत, ६६६ च्या जागी ६१६ आहे. हा पाठ इरेनियस या ख्रिस्ती बिशपलाही दुसऱ्या शतकात ठाऊक होता. नकलकाराची चूक म्हणून त्याने तो टाकला. (त्याने सुचवलेल्या नावांत नीरो नाही, हेही सांगायला हवं.) पण लॅटिन वळणाने 'नेरो' लिहिलं की शेवटचा नून गळतो, ५० कमी होतात आणि ६१६ उरतात. दोन्ही आकडे एकाच नावात बसतात, हे सहजी सोडून देता येत नाही.

चिन्ह अडलं की आधी त्याच पुस्तकात शोधावं. सात समया म्हणजे सात मंडळ्या, हे १:२० मध्येच आहे. सात डोकी म्हणजे सात डोंगर, १७:९. ते रोम, हे तेव्हाच्या वाचकाला सांगावं लागत नव्हतं. तिथे नसेल तर जुना करार. श्वापदाचं अंग चित्त्याचं, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचं : दानीएल ७ मधली श्वापदं इथे एकात मिसळली आहेत, आणि दानीएलात ती राज्यं आहेत. वर्तमानपत्र सगळ्यात शेवटी. बहुतेकजण सुरुवातच तिथून करतात.

श्वापद लोकांच्या उजव्या हातावर किंवा कपाळावर करवतं त्या खुणेचंही तेच. मूळ लिखाणात अध्यायांची फोड नव्हती. ६६६ च्या लगेच पुढच्या वचनात, १४:१ मध्ये, १,४४,००० जणांच्या कपाळावर कोकऱ्याचं, म्हणजे ख्रिस्ताचं, नाव आहे. ते गोंदण कुणी शोधत नाही. मग आधीच्या कपाळावरच चिप कशी निघते?

ख्रिस्ताच्या पुनरागमनाच्या तारखा काढणाऱ्यांचं गणित सहसा चुकत नाही. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी दानीएल ८:१४ चे २३०० दिवस वर्षं म्हणून धरले, इ.स.पू. ४५७ पासून मोजले, शून्य वर्ष नसतं हेही ध्यानात घेतलं आणि २२ ऑक्टोबर १८४४ गाठला. बेरीज बिनचूक होती. दिवसाला वर्ष हा नियम मात्र यहेज्केल ४:६ सारख्या वचनांतून उचललेला, आणि तिथे तो यहेज्केल संदेष्ट्याने उजव्या कुशीवर निजून काढायच्या ४० दिवसांपुरता दिलेला आहे.