बाळाआधी बाळंतिणीला तपासणारी बाई

नेदरलँड्समध्ये बाळ व्हायच्या आधी पलंग उंच करून ठेवावा लागतो. जमिनीपासून साधारण 80 सेंटीमीटर. पायांखाली लावायचे ठोकळे भाड्याने मिळतात, आणि ते नसतील तर डिलिव्हरीनंतर बाळ-बाळंतिणीची काळजी घ्यायला घरी येणारी बाई पलंगापाशी काम करायला नकार देऊ शकते, कारण वाकून वाकून तिची पाठ जायला नको. मला तेव्हा जाम राग आला होता, बाळंतीण मी, टाके मला पडणार आणि नियम तिच्या पाठीसाठी! आता उलट वाटतं. आपल्याकडे इतक्या आया, मावश्या, अंघोळ घालणाऱ्या बायका बाळंतपणं काढतात, त्यांच्या पाठीचं कधी कुणी विचारलंय का?

बाळंतिणीच्या घरी येऊन काळजी घ्यायच्या या सोयीला इथे क्रामझोर्ख म्हणतात. डिलिव्हरीनंतर साधारण आठ दिवस एक ट्रेन्ड बाई रोज काही तास घरी येते, बेसिक इन्शुरन्समध्येच असतं, आपण तासाला फक्त काही युरो भरायचे. कमीत कमी 24 तास, जास्तीत जास्त 80, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला स्टँडर्ड 49 तास, बाटलीने पाजणारीला 45. म्हणजे अंगावर पाजायला शिकण्यात वेळ जातो हे तासांच्या हिशोबातच धरलंय, आणि मला याचंच सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं.

ती आली की हात धुऊन आधी माझ्याकडे यायची. बाळ पाळण्यात रडत असलं तर नवऱ्याला सांगायची, तू घे. मग माझ्या पोटावर बेंबीच्या खाली बोटं दाबून गर्भाशय कालच्यापेक्षा किती खाली गेलंय ते बघायची, टाके बघायची, रक्तस्राव किती आणि गाठी पडतायत का ते विचारायची, लघवी नीट होते का, पोटऱ्या दुखतात का, ताप, नाडी, सगळं वहीत. रात्री झोप लागली का, रडू आलं का, हेही वहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला कारण नसताना रडू फुटलं तेव्हा ती म्हणाली की हार्मोन्स एकदम उतरतात, बहुतेकींना होतं, पण दोन आठवड्यांनंतरही असंच राहिलं तर डॉक्टरांना सांगायचं, गप्प बसायचं नाही.

त्याच सुमाराला दूध भरून आलं आणि छाती दगडासारखी झाली. बाळाला धरताच येईना, ते नुसतं टोकाशी चोखायचं आणि मी कळवळायचे. तिने आधी हाताने थोडं दूध काढून निप्पलभोवतीचा काळा भाग मऊ केला, बाळाचं नाक निप्पलसमोर आणलं, त्याने मोठा आ केल्यावरच त्याला जवळ ओढलं, हनुवटी आधी टेकली पाहिजे म्हणाली. दुखणं तिथल्या तिथे निम्मं झालं. दूध पुरतंय का या माझ्या प्रश्नावर तिने डायपर मोजायला लावले. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा तरी ओले हवेत, आणि वजन सुरुवातीला थोडं उतरणारच, दोन आठवड्यांत भरून येतं. 'दूध कमी पडतंय गं, वरचं दे' असं फोनवर सांगणाऱ्या सगळ्यांना मी डायपरचा आकडा सांगायचे.

आता इथलंच सगळं भारी असं मी म्हणत नाहीये हां. आठ दिवसांनी ती बाई गेली आणि घर एकदम खायला उठलं. आपला सव्वा महिना आठवला, अळिवाची खीर, शेक, कुणीतरी बाळ घेऊन बसलंय आणि आपण झोपलोय. इथे मॅटर्निटी लीव्ह एकूण 16 आठवडे, आपल्याकडे नोकरीवाल्या बाईला पहिल्या दोन मुलांसाठी 2017 पासून 26. आणि घरी जाऊन बाळ-बाळंतीण बघायचं आपल्याला काय युरोपने शिकवायचंय? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळं वाचवली, बालमृत्यू किती घटले ते 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि 2011 पासून आशाताई देशभर त्याच धर्तीवर घरभेटी देतात, दवाखान्यात डिलिव्हरी झाली तर 42 दिवसांत सहा. पण आमच्यासारख्या फ्लॅटमधल्या, प्रायव्हेट हॉस्पिटलमधून तिसऱ्या दिवशी घरी येणाऱ्या बाईकडे कोण येतं? तिला लाडू मिळतात, ताप कुणी मोजत नाही.

तू माहेरी का नाही आलीस, हे अजून विचारतात लोक. इथे नवऱ्याला एकच आठवडा पूर्ण पगारी सुट्टी, नंतरचे पाच आठवडे 70 टक्क्यांवर, आणि त्याने बाळाचे पहिले दिवस व्हिडिओ कॉलवर बघावेत असं मला वाटत नव्हतं. माझ्या मते निर्णय बरोबरच होता.

आता वहिनीला पुढच्या महिन्यात तारीख दिलीय. आईला मी यादी पाठवलीय: चीक टाकायचा नाही, मध-घुटी काही नाही, सहा महिने फक्त अंगावरचं, बाळाला व्हिटॅमिन डी चे थेंब डॉक्टरांना विचारून रोज. आणि वहिनीसाठी थर्मामीटर. 38 डिग्री सेल्सिअसच्या वर ताप, तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, एकच पोटरी सुजून दुखणं, डोकं खूप दुखून डोळ्यांसमोर अंधारी, श्वास लागणं, यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं. आई म्हणाली, आम्ही काय पोरं वाढवली नाहीत का? वाढवलीत गं आई, पण तुझा ताप तेव्हा कुणी मोजला होता? त्यावर ती काही बोलली नाही, पण दादाला थर्मामीटर आणायला सांगितलाय.