दोन वर्ष लातुरात शिकवायचं नाही म्हणे

आमच्या आत्याचं पोरगं लातुरात एका क्लासला फिजिक्स शिकवतंय, तीन वर्ष झाली, आता स्वतःची बॅच काढायची म्हणतंय. परवा आलं ते तोंड पाडूनच. जॉइन होताना शंभरच्या स्टॅम्पवर सही केलेली, क्लास सोडल्यावर दोन वर्ष जिल्ह्यात कुठंच शिकवायचं नाही, मोडलं तर पाच लाख.

मला हसूच आलं, कारण वाळूजला एचआरमधे असताना असले कागद मीच पोरांपुढं सरकवलेत. टिकत नाहीत हे आम्हाला पण माहिती होतं, पण माणूस घाबरून बसतो ना, तेवढ्यावर काम भागतं.

१८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ सरळ आहे, कुणाला धंदा-नोकरी करायला आडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द. सूट फक्त गुडविलसकट, म्हणजे नाव-गिऱ्हाइकासकट धंदा विकणाऱ्याला. मालक म्हणतात, अहो दोनच वर्षं, एकच जिल्हा, वाजवी आहे की! पण करार संपल्यानंतरच्या बंदीला वाजवी-गैरवाजवीचं मोजमापच लागत नाही. आपल्या शेजारच्या श्रीरामपूरच्या झहीर खानला त्याच्या जुन्या मॅनेजमेंट कंपनीनं असंच आडवायला बघितलं होतं, २००६ ला सुप्रीम कोर्टानं नाही म्हणलं. आणि अटच रद्द तर तिच्यापोटीचे पाच लाख कुठनं आले?

नोकरीत असताना मात्र गप बसायचं. १९६७ च्या गोलिकरी केसमधे माणूस पाच वर्षांचा करार अर्ध्यात टाकून दुसऱ्या कंपनीत गेला, तिथं कराराच्या मुदतीपुरती बंदी टिकली. म्हणून त्याला म्हणलं, आधी राजीनामा, नोटीस पिरियड पूर्ण, मग बॅचचा बोर्ड. आणि ठरलेली वर्षं नोकरी करायचा बाँड वेगळा बरं का, मुदतीआधी सोडलं तर दोन लाख भरायची सरकारी बँकेची अट २०२५ मधे सुप्रीम कोर्टानं धरली, कारण त्यात दुसरीकडं जायला बंदी नव्हती. याच्या कागदात तसलं कायी नाही.

भांडण होईल ते नोट्सवर. पगारावर असताना क्लाससाठी लिहिलेल्या नोट्स सहसा क्लासच्याच, पोरांच्या नंबरांची यादी तर उचलायचीच नाही. डोक्यातलं फिजिक्स तेवढं त्याचं.

जरा हुरूप आला त्याला. चपला घालता घालता म्हणतंय, दादा, सहीचा एक कोरा चेक पण दिलाय त्यांना.

परत आत बसवलं, बायकोला म्हणलं चहा ठेव.