फडक्याचा प्रताप

एखाद्या गाडीवर मालकाचा किती जीव आहे हे पाहायचं असेल, तर भर उन्हात तिच्या बोनेटकडे जरा तिरकं पाहावं. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे दिसले, की समजावं, ही गाडी रोज सकाळी न चुकता पुसली जाते. जिच्याकडे कुणी फारसं ढुंकूनही पाहत नाही, ती मळकट दिसते खरी. पण एकदा नीट धुतली, की तिचाच रंग जास्त धड निघायची शक्यता असते. अन्याय आहे, पण त्याला कारण आहे.

गंमत म्हणजे ते चरे मुळात गोल नसतातच. ते वेडेवाकडे, हव्या त्या दिशेने पडलेले असतात. त्यांतले जे उजेडाच्या ठिपक्याभोवती आडवे येतात, तेवढेच चमकतात आणि सगळे मिळून वर्तुळ असल्याचा भास होतो. डोकं हलवा, जाळंही सरकतं. त्यामुळे ‘गोल गोल पुसू नका, सरळ पुसा’ हा सल्ला अर्धाच खरा. सरळ पुसलं तर चरे मोजक्या कोनांतूनच दिसतात, एवढाच फायदा. फडक्यात कण असला तर चरा पडायचा तो पडतोच.

आणि पडतो कशावर? आपण कौतुकाने ज्याला गाडीचा रंग म्हणतो, त्याला आपला हात सहसा लागतच नाही. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यांत वर बिनरंगी क्लिअर कोट, अशी ही उतरंड. सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात आणि त्यांतला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. आपलं सगळं घासणं-पुसणं या एवढ्याशा थराच्या जिवावर चालतं. धुळीत असतात वाळूचे कण, म्हणजे क्वार्ट्झ. पदार्थ किती कठीण हे १ ते १० आकड्यांत सांगणाऱ्या मोह्सच्या काठिण्यश्रेणीत क्वार्ट्झचा आकडा ७. काचेवरही तो ओरखडा काढतो, मग क्लिअर कोटची काय कथा! तरी हे कण नुसते बसून असतात तोवर निरुपद्रवी असतात. त्यांना दाबून फिरवणारं कुणीतरी लागतं. कोरडं फडकं ते काम इमानेइतबारे करतं. अर्ध्या बादलीत बुडवलेलं ओलं फडकंही फारसं मागे नसतं, कारण टप आणि बोनेट पुसून होईपर्यंत त्या बादलीत निम्मा चिखलच झालेला असतो.

म्हणून गाडी धुण्याचा सगळ्यांत महत्त्वाचा भाग हात न लावण्याचा आहे. आधी भरपूर पाणी, पाइपने, वरून खाली. जेवढी माती आपल्या पायांनी जाईल तेवढी जाऊ द्यायची. जोरदार फवाऱ्याचं यंत्र असेल तर उत्तम, फक्त नळी गाडीला चिकटवू नये. रंगाचा कुठे टवका उडालेला असला तर फवारा नेमका त्याची कड पकडतो.

मग शाम्पू. फेसाचं आपल्याला भलतंच कौतुक. पण शाम्पूचं खरं काम पृष्ठभाग निसरडा करण्याचं, म्हणजे राहिलेला कण रुतण्याऐवजी घसरून जावा. भांड्यांचा साबण तेलकटपणा काढायला बनवलेला, त्यामुळे तो रंगावर चढवलेलं मेणही धुऊन नेतो. बादल्या दोन हव्यात, एक शाम्पूची, दुसरी साध्या पाण्याची. दोन बादल्या म्हणजे उगाच थाट वाटतो, पण गाडी धुवायचा हातमोजा मातीने भरला, की तो साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचा, एवढंच त्यामागचं शहाणपण. मोजा मायक्रोफायबरचा, म्हणजे अतिबारीक धाग्यांचा बरा. त्याच्या दाट झुपक्यांत कण आत शिरतो, सपाट स्पंजाखाली मात्र रंगावरच रगडला जातो. दारांचा खालचा भाग सगळ्यांत शेवटी. चाकांचा मोजा वेगळाच, कारण तिथे ब्रेकमधून झडलेली लोखंडाची भुकटी असते.

हे सगळं सावलीत, पत्रा थंड असताना. तापलेल्या पत्र्यावर पाणी उडून जातं आणि त्यातले क्षार पांढरे डाग होऊन मागे राहतात. नंतर मऊ टॉवेल पसरून पाणी टिपून घ्यायचं. टॉवेल जमिनीवर पडला, तर त्या दिवसापुरती त्याची नोकरी संपली.

‘चरे काय, पॉलिश केलं की जातात,’ असं म्हणणारे भेटतात. जातात, पण भरून येऊन नव्हे. चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून त्याच्या पातळीला आणला जातो. म्हणजे मुळात तुटपुंजी असलेली शिल्लक आणखी खर्च होते, आणि उन्हापासून रंगाला जपणारा थर तोच.

घाई करावी अशी एकच गोष्ट, पक्ष्यांची विष्ठा. ती आम्लधर्मी असते आणि तापलेल्या पत्र्यावर राहिली तर क्लिअर कोटला कायमचा खड्डा पाडू शकते. पण इथेही नखाने खरवडायचं नाही. ओला मऊ कागद वर पसरून काही मिनिटं ठेवावा. डाग भिजून मऊ पडतो आणि अलगद उचलून घेता येतो. घासायची हौस फिटली नसेल, तर चार टायर आहेतच.