तोंड सुजलं तर आधी बीपी बघा

"पोटुशीचे पाय सुजायचेच, त्यात काय एवढं?" खानापूर तालुक्यात आशा म्हणून घरोघरी फिरताना हे सतत ऐकते. संध्याकाळी पाय थोडे सुजतात, खरं आहे. पण सकाळी तोंड सुजलेलं, हातात बांगड्या रुतलेल्या दिसल्या की माझा जीव खालीवर होतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाडीतल्या एका पहिलटकरणीचं डोकं दुखत होतं. सासूबाई म्हणाल्या, "पित्त असंल, आल्याचा रस दिलाय." ताई कार्ड (गरोदरपणातल्या तपासण्यांची नोंद असलेलं कार्ड) उघडलं, आधीचा बीपी 110/70. त्या दिवशी सिस्टरनी मोजला तर 160/110, लघवीत प्रथिनं. हा प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी चढण्याचा आजार. डोळ्यांपुढं काजवे चमकतात, हे पोरीनं विचारल्यावरच सांगितलं! लगेच 108 बोलावली, बेळगावला नेलं. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट दिलं. बाळ लवकर काढावं लागलं. हा आजार मुळातून उतरतो तो बाळंतपणानंतरच. दोघंही सुखरूप आहेत.

20 आठवड्यांनंतर बीपी 140/90 किंवा वर गेला तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं, काही त्रास होत नसला तरी. बरगडीखाली उजवीकडं दुखलं तरी थांबू नका. मीठ बंद करून हा आजार टळत नाही. आधीच्या खेपेला झाला असेल तर पहिल्याच तपासणीत सांगा. काहींना डॉक्टर 12 आठवड्यांनंतर कमी डोसची ॲस्पिरिन सुरू करतात.

आणि बाळंतपणानंतरही बीपी चढतो. लेकीला चंदगडला माहेरी न्याल तेव्हा कार्ड आणि गोळ्या सोबत द्या, तिथल्या सिस्टरकडून पहिल्या आठवड्यातच बीपी मोजून घ्या.