शिंगं, वेसण आणि पहिल्या वीस लेव्हल

माझा ऑर्क मी अकराव्या लेव्हलला काढून टाकला. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये पात्र पुसायचं तर ‘डिलीट’ हा शब्द स्वतःच्या हाताने टाइप करावा लागतो, नुसतं बटण दाबून भागत नाही. शेवटच्या अक्षरापाशी मी बराच वेळ थांबले होते. दहा-बारा रात्रींची मेहनत त्या ऑर्कवर गेली होती. पण रोज रात्री लॉग इन करताना मन नाराज व्हायला लागलं होतं, आणि हौसेने सुरू केलेल्या गोष्टीत ते मला चालणार नव्हतं.

ही जुलै 2020 ची गोष्ट. मी पुण्यात, घरूनच काम सुरू, गावाकडे यवतमाळला जाता येत नव्हतं. मावसभाऊ, माझा दादा, म्युनिकमध्ये. तो 2019 च्या ऑगस्टपासून क्लासिक खेळत होता, म्हणजे 2004 साली आलेला हा गेम त्याच्या सुरुवातीच्या रूपात पुन्हा सुरू झाला तेव्हापासून. एकदा फोनवर तो म्हणाला, “तू पण ये ना. रोज रात्री भेटू तरी.” त्याच्यासोबत खेळायचं म्हणून मी युरोपातला सर्व्हर घेतला. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास असायचा, पण खेळता येत होतं.

पहिल्याच पडद्यावर रेस निवडायची असते. ‘रेस’ हा शब्द मी तसाच ठेवते, त्याला ‘जात’ म्हणायला माझी जीभ वळत नाही. एकूण आठ रेस, अलायन्स आणि होर्ड या दोन विरोधी गटांच्या चार-चार. दादा होर्डमध्ये होता, त्यामुळे माझ्यापुढे ऑर्क, अनडेड, ट्रोल आणि टॉरेन एवढेच राहिले. तो म्हणाला, “अगं, डोळे झाकून ऑर्क घे आणि वॉरियर हो. कुऱ्हाडीचं स्किल पाच जास्त मिळतं. पुढे रेडमध्ये त्याचा फार उपयोग होतो.”

रेड म्हणजे मोठा गट मिळून बलाढ्य बॉसशी लढतो ती मोहीम. तो खोटं काही बोलला नव्हता. साठाव्या, म्हणजे शेवटच्या लेव्हलला, आपल्याहून तीन लेव्हल वरच्या बॉसवर कुऱ्हाड चालवताना ते पाच पॉइंट खरंच मोलाचे असतात. पण मी पहिल्या लेव्हलला उभी होते. तिथे त्या पाचांनी काहीच होत नव्हतं. त्यात वॉरियर एकट्याने वाढवणं म्हणजे या गेममधलं सगळ्यात कष्टाचं काम. स्वतःला बरं करायचा मंत्र नाही. प्रत्येक लढाईनंतर बसून खायचं, जखमेला पट्टी बांधायची, मग पुढचा शत्रू. एकदम दोन अंगावर आले की मरण जवळजवळ ठरलेलं. मेलं की स्मशानातून भुताच्या रूपात आपल्या प्रेतापर्यंत चालत जायचं. ड्युरोटारच्या, म्हणजे ऑर्कच्या पहिल्या प्रदेशाच्या, लाल मातीत मी लढले त्यापेक्षा जास्त भूत होऊन चालले असेन.

मग एका रविवारी मी वही घेऊन बसले. पहिल्या लेव्हलवरून दुसरीवर जायला 400 एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, लागतात. आपल्याच लेव्हलचा शत्रू मारला तर एक्सपी किती, तर लेव्हल गुणिले पाच, अधिक पंचेचाळीस. म्हणजे पहिल्या लेव्हलला एका शत्रूचे 50, आठ मारले की झालं. नववीवरून दहावीवर जायला मात्र 6,500 लागतात आणि एका शत्रूचे मिळतात 90. नुसतं मारत बसलं तर त्र्याहत्तर शत्रू, एका लेव्हलसाठी! मग कळलं की सुरुवातीला महत्त्वाचं काय, तर दोन लढायांच्या मधला वेळ कमी करणं. खाण्यात, चालण्यात, मरण्यात जातो तो वेळ. वाटेतले क्वेस्ट, म्हणजे नेमून दिलेली कामं, आधी उचलायचे, एका फेरीत तीन-चार उरकायचे. ज्याच्या लेव्हलचा आकडा लाल दिसतो त्या शत्रूच्या नादी लागायचं नाही, तो आपल्याहून बराच वरचा असतो आणि आपले फटकेच चुकतात. ज्याचा आकडा राखाडी दिसतो त्याच्यावर वेळ घालवायचा नाही, कारण त्याचा एक्सपी शून्य. आणि पात्र असं निवडायचं, जे स्वतःला सावरू शकेल.

त्याच रात्री मी पुन्हा त्या पहिल्या पडद्यावर गेले आणि टॉरेनवर क्लिक केलं. समोर बैल उभा राहिला.

अंग माणसाचं, तोंड बैलाचं, पाठीत थोडा वाकलेला, खांदे भरदार. शिंगांचे आकार निवडता येतात, रंगही. आणि चेहऱ्याच्या पर्यायांमध्ये नाकातली कडी होती. ती दिसली आणि मला आमच्या गोठ्यातली वेसण आठवली. बाबांनी शेवटची जोडी विकली तेव्हा मी कॉलेजला होते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी हळद-लोणी लावून, पळसाच्या पानाने बाबा त्यांचे खांदे शेकायचे आणि त्यांच्या कानात सांगायचे, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.” मी पांढरट कातडीचा, रुंद शिंगांचा टॉरेन केला, नाकात कडी घातली आणि रोमन अक्षरांत त्याचं नाव ठेवलं ढवळ्या.

क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, ड्रुइड: मंत्रही टाकतो, प्राण्यांची रूपंही घेतो. होर्डमध्ये ड्रुइड फक्त टॉरेनलाच होता येतं, म्हणजे मी ड्रुइड आधी ठरवला असता तरी याच दारात आले असते. टॉरेनला आयुष्य, म्हणजे फटके सोसायची ताकद, पाच टक्के जास्त मिळतं, निसर्गाच्या जादूला थोडा प्रतिकार, आणि वनस्पती खुडण्याचं स्किल सुरुवातीपासून पंधरा जास्त. पण खरी चीज आहे वॉर स्टॉम्प. पाय आपटायचा आणि जवळचे पाचपर्यंत शत्रू दोन सेकंद सुन्न.

दोन सेकंद म्हणजे किती, हे मला पाचव्या लेव्हलला कळलं. टॉरेन जिथून सुरुवात करतो त्या कॅम्प नराचेजवळच्या काटेरी घळीत ब्रिसलबॅक राहतात, रानडुकराच्या तोंडाचे. मी एकावर मंत्र टाकला आणि मागून दुसरा आला. आयुष्य निम्म्याखाली गेलेलं. हीलिंग टच हा स्वतःला बरं करायचा मंत्र सुरू केला की फटका बसायचा आणि मंत्राची पट्टी मागे सरकायची, पुन्हा फटका, पुन्हा मागे. तेव्हा मी पाय आपटला. दोघंही डुलत उभे राहिले. हीलिंग टचच्या पहिल्या रँकला दीड सेकंद लागतो. माझा पिंग धरूनही तो त्या दोन सेकंदांत बसला, वर थोडा वेळ उरला. हिरवा आकडा डोक्यावर उमटला, त्यामागून रिजुवनेशन हा हळूहळू बरं करणारा मंत्र टाकला आणि दोघांनाही मारलं. आठव्या लेव्हलला हीलिंग टचची दुसरी रँक मिळते, ती पूर्ण दोन सेकंदांची. ती माझ्या पिंगमध्ये कधी बसायची, कधी शेवटच्या क्षणी फटका खाऊन मागे जायची. म्हणून दोन्ही रँक मी बारवर शेजारी-शेजारी ठेवल्या. वॉर स्टॉम्प पुन्हा मिळायला दोन मिनिटं लागतात, तेवढी वाट बघूनच मी पुढच्या जोडीला हात घालायचे. ऑर्कचे पाच पॉइंट मला कधी दिसले नव्हते. ही दोन सेकंदं मी रोज वापरत होते.

मलगोर, म्हणजे टॉरेनचा पहिला प्रदेश, फार देखणा आहे. चहूबाजूंनी डोंगर, मधे हिरवं माळरान, शहामृगासारखे प्लेनस्ट्रायडर चरताहेत. आपण मारेपर्यंत ते आपल्याला काही करत नाहीत. पहिल्याच शिकारीत त्यांचं सात मांस आणि सात पिसं आणायची होती. अवजड कोडोंचे कळप आरामात फिरत असतात. या माळावर चालण्याचा मला कधीच कंटाळा आला नाही, आणि चालणं तर भरपूर. चाळिसाव्या लेव्हलपर्यंत स्वारीला जनावर मिळत नाही. रेस निवडताना आकड्यांच्या तक्त्यापेक्षा ही पहिली जमीन पाहावी, असं मला मनापासून वाटतं. पहिले आठ-दहा तास आपण तिथेच काढणार असतो.

झोपायची जागा हीसुद्धा मी ऑर्कच्या वेळी पार चुकवलेली गोष्ट. तेव्हा जिथे असेन तिथेच लॉग आउट करायचे. खरं तर इनमध्ये, म्हणजे धर्मशाळेत, किंवा शहरात पात्र ठेवलं की दर आठ तासांना लेव्हलच्या पाच टक्के इतकी विश्रांती जमते. ती असेपर्यंत शत्रूमागचा एक्सपी दुप्पट मिळतो. रानात सोडलं तर हाच वेग पाव होतो. मी रात्री साडेदहाला बसायचे, बाराला उठायचे. शेवटची दहा मिनिटं ब्लडहूफ गावच्या इनकडे चालण्यासाठी राखून ठेवायचे, मग कितीही मोह होवो. नोकरी करून रोज थोडंच खेळणाऱ्याला याचा सगळ्यात जास्त फायदा.

पैशांसाठी वनस्पती. अर्थरूट खुडायला स्किल पंधरा लागतं, ते मला पहिल्या दिवसापासून होतं. खुडलेलं सगळं थंडर ब्लफ या टॉरेनांच्या शहरातल्या ऑक्शन हाउसमध्ये (लिलावघरात) नेऊन विकायचे. ट्रेनरकडचे सगळे मंत्र विकत घ्यायचे नाहीत, जे रोज वापरतो तेवढेच. एवढं सांभाळलं की हात आखडत नाही.

दहाव्या लेव्हलला अस्वलाचं रूप मिळवायचा क्वेस्ट येतो. थंडर ब्लफहून मूनग्लेडला, तिथे अस्वलाच्या आत्म्याशी बोलणं, परत थंडर ब्लफला आणि मग बॅरन्स नावाच्या प्रदेशातल्या एका दगडापाशी लुनाक्लॉ नावाच्या शत्रूशी झुंज. पहिल्या वेळी झुंज निम्म्यावर असताना आमच्या सोसायटीची वीज गेली. दुसऱ्या रात्री एक लेव्हल वाढवून गेले आणि जिंकले. पण अस्वल होऊन वॉर स्टॉम्प वापरता येत नाही, आधी माणसात, म्हणजे बैलात, यावं लागतं. ती सवय लागायला आठवडा गेला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी दादाचा साठाव्या लेव्हलचा मेज, म्हणजे जादूगार, ब्लडहूफला आला. घोड्यावरून उतरून त्याने मला चौदा-चौदा खणांच्या चार रुनक्लॉथ बॅगा दिल्या आणि समोर वाकून नमस्कार केला. “ढवळ्याला पोळ्याची झूल,” असं त्याने लिहिलं. मी स्क्रीनशॉट काढून बाबांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. “शिंगं झकास हायेत. खांदे शेकले का त्याचे?” मग त्यांनी विचारलं, हा काम काय करतो, कुठे राहतो, खायला काय असतं. मी अर्धा तास सांगत होते. गेमबद्दल बाबांशी बोलायची ती पहिलीच वेळ.

सप्टेंबरात वीस लेव्हल झाली आणि मांजराचं रूप मिळालं. टॉरेन ड्रुइडचं मांजर म्हणजे सिंह असतो, आणि त्याच्या डोक्यावर शिंगं तशीच राहतात. बॅरन्सच्या पिवळ्या गवतात त्याला उभं केलं, कॅमेरा फिरवून शिंगं नीट दिसतील असं केलं आणि तो फोटोही यवतमाळला पाठवला.