रूळ उखडले, आम्ही सायकली काढल्या: बरगंडीतले तीन दिवस

भाचा फ्रान्समध्ये लिओं शहरात शिकायला आहे, त्याच्याकडे गेलो होतो मे महिन्यात. चार दिवस पॅरिस झालं, पाय दुखेस्तोवर म्युझियमं झाली, मग हा म्हणतो कसा, मावशी तुम्ही दोघं सायकलवर का जात नाही? मी म्हटलं बाबा मी सायकल शेवटची चालवली ती कॉलेजात, आणि गुडघे आता पन्नाशीचे आहेत. तर म्हणे तिथे चढच नाहीये, जुन्या रेल्वेचा रस्ता आहे, एकही गाडी येत नाही. गाडी येत नाही एवढं ऐकलं आणि मी हो म्हणून बसले. पुण्यात राहणाऱ्या बाईला याहून मोठं आमिष नाही.

तर हा रस्ता म्हणजे व्हुआ व्हेर्त, शब्दशः हिरवी वाट. शालों-स्युर-सोनपासून क्ल्युनीमार्गे माकोंपर्यंत, सत्तर-एक किलोमीटर, सगळी दक्षिण बरगंडीत. पूर्वी इथे आगगाडी धावायची, ती बंद पडली, रूळ उखडले आणि जिव्री ते क्ल्युनी हा ४४ किलोमीटरचा तुकडा १९९७ मध्ये डांबर टाकून सायकलींना दिला. फ्रान्समधल्या अशा वाटांमधली ही अगदी पहिल्या काहींतली. आणि चढ नाही ते का, तर जुन्या आगगाडीला खडा चढ चढता येत नाही हो! शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी इंजिनाची दया येऊन डोंगर कापला, दरीत भराव घातला, नदीच्या काठाकाठाने वळण घेतलं, त्या सगळ्या मेहनतीचा फायदा आता माझ्या गुडघ्यांना.

शालोंला सायकली भाड्याने घेतल्या. नवऱ्याने इलेक्ट्रिक घेतली, मी ईर्ष्येने साधी घेतली (पहिल्या तासात पश्चात्ताप झाला, सांगितलं मात्र नाही). दुकानाचं नाव घेत नाही, पण माझ्या कॅरियरवरच्या बॅगेचा हुक आधीच तडकलेला होता आणि त्या माणसाने तो अंगठ्याने दाबून सफाईने झाकला, हे मला चाळीस मिनिटांनी कळलं.

निघायच्या आधी शालोंमध्ये नीसेफोर न्येप्सच्या म्युझियममध्ये डोकावलो. हा माणूस १७६५ साली याच गावात जन्मला आणि जगातला आज शिल्लक असलेला सगळ्यात जुना फोटो याने काढला, जवळच्याच सें-लू-द-व्हारेन गावातल्या आपल्या घराच्या खिडकीतून. तो फोटो आता अमेरिकेत टेक्सासला आहे, ते सोडा. मला मजा वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. भावाबरोबर त्याने १८०७ मध्ये स्फोटावर चालणारं इंजिन बनवून सोन नदीत होडी चालवली होती, आणि १८१८ मध्ये त्याने स्वतःची एक वेलोसिपेडही बनवली. म्हणजे दोन चाकं, लाकडी दांडा, पेडल नाहीच, पायाने जमीन रेटत जायचं. म्हटलं चला, श्रीगणेशा योग्य ठिकाणी झाला.

जिव्रीपर्यंत थोडं शहराच्या कडेकडेने जावं लागतं, खरी गंमत जिव्रीनंतर. एका बाजूला द्राक्षांचे मळे, दुसऱ्या बाजूला झाडांची कमान, मधे तीनेक मीटर रुंद डांबरी पट्टा, आणि आवाज कसला तर फक्त आपल्याच चेनचा. पहिली दहा मिनिटं मी सारखी मागे वळून बघत होते. सवय! कुणी हॉर्न का वाजवत नाहीये, काहीतरी चुकतंय. समोरून येणारं प्रत्येक जण बोंझूर म्हणतं, आजोबा, शाळेतली पोरं, कुत्रा फिरवणारी बाई, सगळे. दुपारपर्यंत माझे शंभर बोंझूर झाले असतील, नवरा म्हणाला अगं घसा बसेल.

दर दीड-दोन किलोमीटरवर एखादा गावरस्ता आडवा येतो आणि तिथे एक छोटं घर असतं, फाटकवाल्याचं. आपल्याकडे गेटमन असतो ना, तसं. बऱ्याच घरांत आता लोक राहतात, खिडकीत फुलांच्या कुंड्या, दोरीवर कपडे. पूर्वी गाडीसाठी रस्ता अडवायचा, आता उलटं झालंय, सायकलवाल्याने मुकाट्याने थांबायचं, दोन्ही बाजू बघायच्या, आडव्या लावलेल्या दांड्यांमधून सायकल वाकडी करून काढायची. स्टेशनंही आहेत जागच्या जागी, फलाट आहे, फलाटाच्या कडेचा दगड आहे, फक्त खाली रुळांच्या जागी आपण. ब्युक्सीच्या फलाटाला टेकून (लिहितात ब्युक्सी, म्हणतात ब्युसी, का ते विचारू नका) आम्ही भडंग खाल्ला आणि मला एकदम दारव्हा आठवलं.

माझं आजोळ दारव्ह्याचं. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरची शकुंतला आगगाडी ज्यांनी बघितली त्यांना सांगायला नको. ती गाडी इतकी हळू जायची की मामा मधेच उतरून बोरं तोडून परत चढायचा, निदान तो तरी असंच सांगायचा. आता ती बंद आहे आणि मागच्या खेपेला गेले तेव्हा रुळांवर बाभळी होत्या. नवऱ्याला म्हटलं इथे सायकली चालवल्या असत्या. तो म्हणाला, तिथल्या लोकांना सायकल नको, गाडी हवीय, पुन्हा सुरू व्हावी म्हणून वर्षानुवर्षं मागणी चाललीय. ते खरंच होतं, मी गप्प बसले आणि भडंग संपवला.

हुक तुटला तो यानंतर. बॅग घसरून चाकात गेली, मी झुडपात गेले. लागलं काही नाही, खाजकुयलीसारखं काहीतरी हाताला चाटून गेलं तेवढंच. शेवटी ओढणीने बॅग कॅरियरला करकचून बांधली, आणि पुढे वाटभर येणारा-जाणारा बोंझूर म्हणून त्या गुलाबी बांधणीकडे बघत जायचा.

रात्रीचा मुक्काम सें-झांगू-ल-नास्योनालला. या गावाचं नाव पूर्वी ल-रॉयल होतं, राजे गेले, गाव नॅशनल झालं. नामांतराचा छंद आपल्यालाच आहे असं नाही. जुन्या गल्ल्या, दगडी घरं, संध्याकाळी सातला चिटपाखरू नाही. दुसऱ्या दिवशी सोमवार, आणि फ्रान्सच्या खेड्यात सोमवारी काय उघडं असतं, तर आकाश. बेकरी बंद, किराणा बंद, आणि जे उघडं होतं ते बारा ते दोन बंद. ज्यांना जायचंय त्यांनी रविवारीच ब्रेड आणि चीज घेऊन ठेवा. इथे बकरीच्या दुधाचं बोटभर उंचीचं चीज मिळतं, माकोने म्हणतात त्याला, ते आणि घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी हे जे काही कॉम्बिनेशन लागतं त्याला तोड नाही.

कोर्मातेंचा राजवाडा झाडीतून एकदम दिसतो, चहूबाजूंनी पाण्याचा खंदक, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं काम, आत सोन्याच्या मुलाम्याच्या खोल्या. बघितला, छान आहे, पण माझं मन पुढे तेझेला अडकलं होतं. त्यासाठी मात्र वाट सोडून टेकडी चढावी लागते, मी सरळ उतरून सायकल ढकलली, नवरा बॅटरीवर सुळ्ळकन पुढे.

तेझे हे तसं पाहिलं तर मूठभर घरांचं खेडं. १९४० मध्ये ब्रदर रोजे नावाचे ख्रिस्ती साधू इथे आले आणि त्यांनी सुरू केलेल्या मठात आता जगभरातली तरुण मुलं आठवडा आठवडा येऊन राहतात. घंटा वाजल्या, सगळे जमिनीवर बसले, आम्हीही बसलो मागे. आणि गाणी सुरू झाली, एकच ओळ, परत तीच, परत तीच, दहा मिनिटं, कुठल्या भाषेतली ते पण कळत नव्हतं. चर्चमध्ये बसून मला आमच्या गल्लीतला हरिपाठ आठवत होता, टाळ नव्हते एवढाच फरक. शेजारी एक मुलगी बसली होती, विशीची असेल, पायात मळलेले बूट, पाठीवर हातरुमालाएवढा पोलंडचा झेंडा शिवलेला, ती डोळे मिटून गात होती आणि हाताने मात्र बुटाच्या लेसची गाठ सोडत-बांधत होती. बाहेर पडलो तेव्हा भुरभुर पाऊस, ग्रोन नदीच्या खोऱ्यात पांढऱ्या शारोले गाई तशाच चरत उभ्या, त्यांना कशाचंच काही नाही.

क्ल्युनीला पोचलो तेव्हा अंधारत आलं होतं. सकाळी मठ बघायला गेलो, आणि खरं सांगायचं तर बघायला तिथे नसलेली गोष्टच जास्त आहे. ९१० साली स्थापन झालेला मठ, १०८८ ला त्याचं तिसरं चर्च बांधायला घेतलं, १८७ मीटर लांब, रोमचं नवं सेंट पीटर होईपर्यंत अख्ख्या ख्रिस्ती जगात याहून मोठं चर्च नव्हतं. मग फ्रेंच राज्यक्रांती झाली, १७९८ मध्ये सरकारने हे सगळं भंगारात काढावं तसं विकलं, आणि पुढची पंचवीसेक वर्षं लोक ते फोडून दगड नेत होते. दहा टक्केही उरलं नाही. जिथे लोक प्रार्थनेला उभे राहायचे त्या जागेतून गावाचा रस्ता जातो, नेपोलियनच्या काळात तिथेच घोड्यांची सरकारी पागा बांधली. मुख्य दाराच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की समोर खांबांची नुसती बुडं दिसतात, आणि लांब, अगदी लांब, एक अष्टकोनी मनोरा. ते मधलं अंतर आपण डोळ्यांनी मोजायला लागतो आणि तेव्हा कुठे कळतं काय होतं ते. पायऱ्यांवरून मनोऱ्यापर्यंत चालत गेले, पावलं मोजत. फुलवाल्याच्या दुकानाशी विसरले, परत मागे जाऊन मोजली नाहीत.

नंतर गल्ल्यांमधून हिंडताना मला चाळाच लागला, कुणाच्या गोठ्याच्या भिंतीत, कुणाच्या दाराच्या उंबऱ्याला जरा नक्षीचा दगड दिसला की मी नवऱ्याला कोपर मारायची, हा बघ, हा तिथलाच. तो म्हणाला तुला आता सगळीकडे तेच दिसणार. दिसत होतं खरं.

शेवटच्या दिवशी बुआ क्लेरचा बोगदा. सोळाशे मीटर, डोंगराच्या पोटातून. हिवाळ्यात तो बंद असतो, कारण आत वटवाघळं झोपलेली असतात आणि त्यांची झोपमोड करायची नाही! तेव्हा सायकलवाल्यांनी वरून घाट चढून जायचं. आम्ही मे मध्ये असल्याने वाचलो. बाहेर ऊन होतं आणि आत शिरताच एकदम फ्रीजचं दार उघडल्यासारखं, दिवे मिणमिणते, भिंतींवरून पाणी ठिबकतंय, आणि दुसऱ्या टोकाचा उजेड कितीतरी वेळ दिसेचना. मी मोठ्याने रामरक्षा म्हणायला लागले, घुमली पण काय छान! समोरून आलेल्या एका काकांनी बोंझूर म्हटलं, मी मधेच थांबून बोंझूर म्हटलं आणि पुढचा श्लोक धरला.

बाहेर पडल्यावर बेर्झे-ल-शातेलचा किल्ला द्राक्षमळ्यांवर बसलेला दिसतो, आणि याच डोंगरातून टीजीव्हीची, म्हणजे फ्रान्सच्या अतिवेगवान आगगाडीची, लाईन जाते, १९८१ ची. मी पाणी पीत होते, आवाज आला, मान वर करेपर्यंत गेली सुद्धा. जुनी गाडी इथून बोगद्याने जायची, नवी सरळ चढ चढून जाते, तिला तेवढी ताकद आहे. दया वगैरे काही लागत नाही.

माकोंला सोनच्या पुलावर पाय हलवत बसलो आणि मग शालोंची लोकल घेतली. टीईआर म्हणतात तिला, सायकली डब्यात नेता येतात. तीन दिवसांची वाट अर्ध्या तासात उलटी, नवरा तर पंधरा मिनिटांत घोरायला लागला.

सायकली परत दिल्या तेव्हा दुकानदाराने ओढणी बघितली, हुक बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि खांदे उडवून हसला. गाठ त्याला सुटेना. शेवटी मीच दातांनी सोडवली. ओढणीवर ग्रीसचा काळा पट्टा पडलाय तो तीन वेळा धुऊनही जात नाही, आता ती स्कूटर पुसायला काढलीय.