वल्ह्याला कान लावून ऐकलेली खाडी

ठाणे खाडीवर मी सध्या एक रचना करतोय. दोन व्हायोलिन, एक चेलो, बासरी आणि खुद्द खाडीचे आवाज. ते मुद्रित करायला रीतसर परवानगी काढून फेब्रुवारीतल्या एका सकाळी ऐरोलीच्या दिवा गावातून होडीने निघालो. होडी चालवणारे नाखवा लहानपणापासून याच पाण्यावर वाढलेले.

ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे उतरले होते. माना खाली, चोची उलट्या, गाळ चाळणं चाललेलं. दुरून त्यांची गॅक-गॅक तेवढी ऐकू येते. जवळ गेलं की तिच्याखाली एक सलग पुटपुट लागते. ती मनासारखी मिळाली. पण त्या दिवसाचा खरा ऐवज पाण्याखाली होता.

हायड्रोफोन, म्हणजे पाण्यात सोडायचा माइक, दोन हात खाली सोडला आणि हेडफोनमध्ये तापल्या तेलात मोहरी पडावी तशी तडतड सुरू झाली. थांबेचना. ही करामत बोटाएवढ्या कोलंबीची. तिची एक नांगी दुसरीपेक्षा कितीतरी मोठी. ती इतक्या झपाट्याने मिटते की पाण्याची चिळकांडी सुटते, त्यात बुडबुडा तयार होतो आणि तो कोसळला की आवाज होतो. आधी वाटायचं, नांगीच आपटून वाजते. २००० साली अतिवेगवान कॅमेऱ्याने बुडबुड्याचं गुपित उघड केलं.

हेडफोन नाखवांना दिले. त्यांनी जरा ऐकून परत केले. "ह्ये तं आमाला ठावं हाय," म्हणाले. मग वल्ह्याचं पातं पाण्यात उभं धरलं, दांड्याचं टोक कानामागच्या हाडाला टेकवलं आणि मलाही तसंच करायला लावलं. तीच तडतड, पण लाकडातून आलेली, जास्त ऊबदार. त्यांचे वडील असं ऐकून जाळं कुठे टाकायचं ते ठरवत. मी तिथल्या तिथे वल्ह्याला माइक चिकटवला. रचनेत आता बहुतेक तोच आवाज आहे.

परतताना ऐरोली पुलाच्या खांबांजवळ गाड्यांची घरघर त्या तडतडीवर चढली. ती पुसून टाकणं सोपं होतं. मी ठेवली, कारण आजची खाडी अशीच वाजते.

या पट्ट्याला २०१५ साली रोहित पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत स्थान मिळालं. कांदळवनं तोडण्याविरुद्ध २०१८ चा उच्च न्यायालयाचा निकाल आहे. तरी खाजण दिसलं की लोक 'पडीक जागा' म्हणतात आणि तिथे रातोरात राडारोडा येऊन पडतो. या जागेत खच्चून जीव भरलाय, हे कानांना पटवायचं, एवढ्यासाठी माझी खटपट. संगीताने काय होणार, असं विचारणाऱ्यांना मी देवमाशांची आठवण देतो. १९७० साली त्यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका निघाली, लाखो लोकांनी ती ऐकली, आणि व्यापारी शिकारीविरुद्धच्या चळवळीला तिने मोठं बळ दिलं. १९८६ पासून त्या शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी लागू झाली.

रचनेचा आराखडा मी भरती-ओहोटीवरच बेतलाय. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. पाण्याच्या एका मिनिटाला संगीताचा एक सेकंद, म्हणजे रचना १२ मिनिटं २५ सेकंदांची. होडी किनाऱ्याला लावताना नाखवांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "पानी भरलं का लगेच नाय उतरत. जरासं उभं रव्हतं. त्ये घेतलंस का?"

ते आता घेतलंय. ऐन भरतीला चारही वाद्यं थांबतात आणि वल्ह्यातून आलेली तडतड तेवढी चालू राहते. चेलोवाल्या ताईंना तो थांबा फार लांब वाटतो, निदान एक स्वर तरी धरून ठेवू द्या म्हणतात. मी अजून ऐकलेलं नाही. पुढच्या तालमीला नाखवांनाच बोलावलंय.